कावळ्याचा पंचनामा



भाद्रपदाचा वद्य पक्ष आला की आमच्या खात्याच्या सभांना एक नवाच विषय फुटतो. मी जातो सोयाबीनवरच्या अळीबद्दल बोलायला. फलक लावतो, अळी बाटलीत घालून दाखवतो, फवारणीचे प्रमाण सांगतो. सगळे मान डोलावतात. मग "काही शंका?" म्हणून विचारले की मागून एखादे आजोबा उठतात आणि म्हणतात, "सायेब, अळीचं बघू मागनं. काल वाडीत पान ठेवलंय, कावळा काय शिवंना. यावर काय औषध?"

सभा हसते. मीही हसतो. पण घरी येताना मोटारसायकलवर विचार करतो की आजोबांचे काय चुकले? आम्ही सरकारी माणसे उठसूट सांगतो, "शंका विचारा." त्यांनी मनातली खरी शंका विचारली. माणूस मेल्यावर कुठे जातो, कसा जातो, खातो काय, परत येतो का, हे प्रश्न अळीपेक्षा जुने आहेत. तेव्हा यंदा पितृपंधरवड्याच्या निमित्ताने परलोकाचीच पीक-पाहणी करायची असे मी ठरवले आहे. माझ्याकडे बी.एस्सी. ॲग्रीची पदवी आहे, तेवढ्या भांडवलावर जमेल तेवढे करतो. कुणाच्या श्रद्धेची टवाळी करायची नाही. माझ्या घरीही पान ठेवतात आणि त्या दिवशीची खीर मी दोनदा मागून घेतो.

कॉलेजात आमच्या गुरुजींनी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवली होती. कुणी म्हणाले, "अमुक खत घातले आणि पीक दुप्पट आले," तर लगेच दुकानाकडे पळायचे नाही. चार प्रश्न विचारायचे. किती वाफ्यांत घातले? न घातलेला वाफा शेजारी होता का? मोजले कुणी आणि कशाने? आणि त्याच वेळी दुसरे काय काय घडले होते? हे चार प्रश्न घेऊन आपण आता स्वर्गाच्या बांधावर उभे राहू.

पहिला प्रवासाचा हिशेब. गरुडपुराणात यमपुरीचे अंतर ८६ हजार योजने सांगितले आहे आणि तेराव्या दिवशी निघालेला जीव रात्रंदिवस चालून रोज २४७ योजने तोडतो असे म्हटले आहे. मी कागदावर भागाकार केला. उत्तर आले ३४८ दिवस. त्यात घरचे तेरा दिवस मिळवा, ३६१ झाले. म्हणजे वर्षश्राद्धाच्या सुमाराला स्वारी मुक्कामी! बसवणाऱ्याने हिशेब अगदी चोख बसवला आहे. आमच्या काही अहवालांत बेरजा इतक्या जुळत नाहीत.

पण आता योजनाचे किलोमीटर करू. योजन म्हणजे चार कोस, साधारण १३ किलोमीटर धरा. एकूण वाट झाली ११ लाख किलोमीटरच्या वर, म्हणजे चंद्राच्या जवळजवळ तिप्पट लांब. आणि वेग? ताशी सुमारे १३४ किलोमीटर. समृद्धी महामार्गावर मोटारीला १२० ची मर्यादा आहे, म्हणजे आपल्या पूर्वजांना तिथे दंडाची पावती फाटली असती. आपण तेराव्याला जोडा आणि छत्री दान करतो. जोड्याचे समजते, वाट काट्याकुट्यांची आहे. पण ताशी १३४ च्या वेगात छत्री उघडली तर तिचे काय होईल, हे वळवाच्या वाऱ्यात छत्री धरलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

वाटेत वैतरणी लागते, गाईचे शेपूट धरून ती ओलांडायची. गाय पोहते, यात शास्त्राला शंका नाही. पुरातून पोहून आलेली जनावरे आपण सर्वांनी पाहिली आहेत. पण हल्ली गोदान म्हणून सव्वा रुपया ठेवून मोकळे होतात. सव्वा रुपयाला शेपूट कुठले, असा प्रश्न मी एकदा विचारला, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी मला स्वयंपाकघरातून बाहेर घालवले. बाकी त्याच नावाची एक नदी आपल्या नाशिक जिल्ह्यात त्र्यंबकेश्वराच्या डोंगरात उगम पावते, वैतरणा. तिच्यावरच्या मोडकसागरचे पाणी मुंबईकर रोज पितात. ते जिवंतपणीच वैतरणा घशाखाली उतरवतात, मग मेल्यावर त्यांना कसली भीती?

दुसरा प्रश्न वजनाचा. जीव जातो म्हणजे काहीतरी जाते, मग ते वजनात यायला हवे. हा विचार आपल्याकडच्या नव्हे, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या डंकन मॅकडूगल नावाच्या डॉक्टरांच्या डोक्यात आला. त्यांनी मरणाच्या दारातले सहा रोगी खाटेसकट वजनकाट्यावर ठेवले आणि १९०७ साली निष्कर्ष छापला. एका रोग्याचे वजन प्राण जाताच २१ ग्रॅमने, म्हणजे पावणेदोन तोळ्यांनी उतरले. झाले! तेव्हापासून 'आत्म्याचे वजन २१ ग्रॅम' ही गोष्ट जगभर फिरते आहे.

आता आपले चार प्रश्न लावा. वाफे किती? सहा. त्यांतले दोन डॉक्टरांनी स्वतःच बाद केले, उरलेल्यांचे आकडे एकमेकांशी जुळेनात आणि गाजला तो फक्त एक. एका वाफ्याच्या जोरावर मी तुम्हाला नवे बियाणे घ्या म्हटले असते, तर तुम्ही मला गावाबाहेर घालवले असते, आणि बरोबरच केले असते. शिवाय त्याच वेळी दुसरे काय घडत होते? श्वास थांबला की रक्त थंड करण्याचे फुफ्फुसांचे काम थांबते, अंगाला घाम सुटतो, तो उडून जातो आणि वजन घटते, अशी शंका त्याच वर्षी दुसऱ्या एका डॉक्टरांनी काढली होती.

मॅकडूगल साहेबांनी पंधरा कुत्रीही तशीच तोलली. त्यांचे वजन घटले नाही. तेव्हा कुत्र्याला आत्मा नाही, असे त्यांनी ठरवून टाकले. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, हे ते सोयीस्कर विसरले. आणि आपल्याला तर हा निकाल मुळीच मान्य होणार नाही. स्वर्गाच्या दाराशी कुत्र्याला आत घेत नाहीत म्हटल्यावर धर्मराज स्वतः मागे फिरायला निघाला होता. पंधरा कुत्री एकीकडे आणि धर्मराजाचे एक कुत्रे एकीकडे!

बाजारात पोत्यामागे किलो-किलोने घट सोसणाऱ्या शेतकऱ्याला २१ ग्रॅमचे काय कौतुक सांगायचे, म्हणून पुढे जाऊ.

तिसरा प्रश्न पुनर्जन्माचा. चौऱ्यांशी लक्ष योनी, हा आकडा लहानपणापासून कानावर आहे. २०११ साली काही शास्त्रज्ञांनी पृथ्वीवरच्या सजीवांच्या जातींचा अंदाज काढला, जिवाणू वगळून. तो आला ८७ लाख, तेरा लाख इकडे किंवा तिकडे. ८४ त्यात बसतात! हे वाचून आमच्या कार्यालयातले एक सहकारी टेबलावर हात आपटून म्हणाले, "बघा, आपल्या ऋषींना माहीत होते!" मी म्हटले, थांबा. ७४ पासून १०० पर्यंत कुठलाही आकडा त्यात बसतो. एवढे रुंद गोलपोस्ट असेल तर मलाही गोल करता येईल. आजवर नाव देऊन नोंदल्या गेलेल्या जाती बारा लाखांच्या आसपास होत्या, बाकी सारा अंदाज.

पण तुमच्या कामाची गोष्ट पुढे आहे. या जातींत माणूस ही एक जात, आणि सर्वांत मोठी भाऊबंदकी किड्यांची. चिठ्ठ्या टाकून जन्म वाटले, तर आपले पणजोबा पुन्हा पाटील म्हणून जन्माला येण्यापेक्षा मुंगी, भुंगा नाहीतर गांडूळ म्हणून येण्याचाच संभव फार मोठा. आणि चांगल्या, सेंद्रिय खत असलेल्या जमिनीत गांडुळे एकरी लाखांनी असतात. आता मला सांगा, ऊस तुटल्यावर फडाला काडी लावताना आपण कुणाला जाळतो? भाद्रपदात खीर आणि हंगाम संपताच चिता! पूर्वजांवर एवढे प्रेम असेल तर पाचट जाळू नका. हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघते. ते सरीत पसरा, दर टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाका, पाणी द्या. पुनर्जन्म खरा असो वा नसो, जमिनीचा पुनर्जन्म नक्की होतो. हा प्रयोग मी एका वाफ्यात नाही, शेकडो फडांत पाहिला आहे.

'वर गेले' म्हणतात, त्यातही तथ्य आहे बरे का. साठ किलोच्या माणसात पस्तीस किलोच्या वर पाणी असते. चितेवर त्याची वाफ होते. बाकीच्यातला कर्ब हवेत मिसळतो. मागे उरते दोन-तीन किलो राख, मुख्यतः हाडांतले कॅल्शियम आणि स्फुरद. म्हणजे वजनाने पाहिले तर माणूस खरोखरच वर जातो! आणि तिथेच राहतो असेही नाही. वाफेचा पाऊस होतो, हवेतला कर्ब ज्वारीचे पान ओढून घेते. कुठल्या कणसात कुणाचे आजोबा भरले असतील सांगता येत नाही. काही गावांत आता राख नदीत न सोडता शेतात खड्डा करून पुरतात आणि वर आंबा लावतात. माझी शिफारस आहे. फक्त राख खारट आणि चुनखडीसारख्या गुणाची असते, म्हणून खड्ड्यात माती आणि शेणखत भरपूर मिसळा, नाहीतर बापाच्या राखेने आंबा जळायचा.

आता आपल्या मूळ तक्रारदाराकडे येऊ. कावळा का शिवत नाही?

सध्या मोबाईलवर एक निरोप फिरतो. भाद्रपदात कावळीण अंडी घालते, तिला खाऊ मिळावा आणि तिने वड-पिंपळाच्या बिया पेराव्यात म्हणून पूर्वजांनी श्राद्ध घातले, असे त्यात म्हणतात. ऐकायला छान आहे, पण आपल्याकडे कावळ्यांची घरटी उन्हाळ्यापासून आषाढाच्या सुमारापर्यंत असतात. कोकिळेला त्यांत अंडी टाकायची असतात, ती भाद्रपदापर्यंत कशी थांबेल? भाद्रपदात तर पिल्ले उडून चोऱ्या करायला शिकलेली असतात. वड-पिंपळाच्या बियाही एकटा कावळा पेरत नाही. साळुंकी, बुलबुल, हरियाल, वटवाघूळ, सगळे मजूर त्या कामावर आहेत. शास्त्राचा अंगरखा घातला म्हणून प्रत्येक गोष्ट शास्त्र होत नाही, हे देवाधर्माच्या बाजूने बोलणाऱ्यांनाही लागू आहे आणि विरोधात बोलणाऱ्यांनाही.

कावळा माणसाचा चेहरा ओळखतो, हे मात्र पक्के. अमेरिकेत सिएटलच्या विद्यापीठातल्या मंडळींनी २००६ साली विशिष्ट मुखवटे घालून काही कावळे पकडले आणि सोडले. पुढे कित्येक वर्षे तो मुखवटा दिसला की कावळे कल्ला करून त्याच्यावर धावत, आणि ज्यांना पकडले नव्हते तेही त्यात सामील होत. जिथे मेलेला कावळा पाहिला तिथे ते बिचकून राहतात, हेही त्याच विद्यापीठात तपासले गेले.

आता शेतकऱ्याचे वर्ष आठवा. साडेअकरा महिने आपण माळ्यावर उभे राहून गोफण फिरवतो, भुईमूग उकरतो म्हणून दगड मारतो, मेलेला कावळा काठीला टांगून शेतात उभा करतो. आणि वद्य पक्षात तोच चेहरा घेऊन, हात जोडून म्हणतो, "काव, काव, या महाराज!" तो कसा येईल? तो हुशार आहे. न येणे हेच त्याच्या हुशारीचे लक्षण.

एवढे ज्ञान मला होते, मंडळी, तरी एकदा कावळ्याने माझीच परीक्षा घेतली. ते सांगतो आणि थांबतो.

२००९ सालच्या माघात आमचे आप्पा गेले. गाव सीनेच्या काठचे. शेतात मालदांडी निसवलेली, दादा रोज माळ्यावर. दहाव्याला घाटावर चाळीस-पन्नास माणसे जमली. आमच्याकडे त्या दिवशी बायकाही येतात. आई होती, आक्का होती. पिंड ठेवला. समोरच्या लिंबावर कावळे होते, पण एक खाली उतरेना.

अर्धा तास झाला. पाहुण्यांच्या एसटीची वेळ होत आली. तात्या म्हणाले, "सोसायटीचं कर्ज भरू म्हणा." दादा म्हणाला, भरू. कावळा ढिम्म. "खिलारी जोडी विकणार नाही म्हणा." म्हटले. काही नाही. "म्हातारीला दोघं मिळून सांभाळू म्हणा." ते तर म्हणायलाही नको होते, तरी म्हटले. कुणी आठवण करून पिंडाशेजारी तंबाखू आणि चुन्याची डबी ठेवली. गुरुजी पिशवीतून दर्भ काढून दर्भाचा कावळा वळू लागले.

एक गोष्ट मात्र कुणी बोलत नव्हते. आदल्या रात्री घरात आक्काच्या हक्कसोडीचे बोलणे झाले होते. आक्का विधवा, दोन लेकरे पदरात. तिने मान खाली घालून "तुम्ही म्हणाल तसं" म्हटले होते. २००५ साली कायदा बदलला आणि मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क मिळाला, हे मला चांगले ठाऊक होते. गावोगावच्या महिला मेळाव्यांत मी ते सांगत होतो. आणि त्या हक्कसोडीचा मसुदा माझ्या अक्षरात, माझ्या सदऱ्याच्या खिशात होता.

घाटावर मी शास्त्र काढले. म्हटले, "चाळीस माणसं भोवती उभी आहेत, वर दादाचा हा लाल फेटा. माळ्यावर रोज हाच फेटा कावळ्यांनी पाहिलाय. सगळे बाभळीमागं चला, आणि दादा, तू फेटा उतरव." सगळे मागे सरकले. दादाने फेटा काढून हातात घेतला. चालता चालता तो थांबला, आक्काकडे वळला आणि म्हणाला, "आक्के, विहिरीखालचा तुकडा तुझा. रात्रीचं बोलणं ऱ्हाऊ दे."

सगळे चिडीचूप झाले. आईने पदर तोंडाला लावला. मिनिटभरात एक कावळा खाली आला, दोन उड्या मारल्या आणि पिंडाला चोच लावली.

"आप्पांचा जीव त्यात गुंतला होता," सगळे म्हणाले. आजही गावात असेच सांगतात.

आता बी.एस्सी. ॲग्री माणसाने काय म्हणावे? माणसे दूर गेली, फेटा उतरला, शांतता झाली आणि दादाने शब्द दिला, सगळे एकाच मिनिटात. एकाच वाफ्यात खतही टाकले, पाणीही दिले, तणही काढले, मग पीक कशाने आले ते कोण सांगणार? कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. पुन्हा प्रयोग करून पाहायला आप्पा दुसरा नाही. तेव्हा माझ्या वहीत त्या निकालापुढे मी 'अनिर्णित' असेच लिहिले आहे.

पण एका गोष्टीचा निकाल लागला. समजा, त्या दिवशी कावळा आलाच नसता, तर आक्काचा हक्क कमी झाला असता काय? तो त्याच्या चोचीत नव्हताच. कायद्यात होता, आप्पांच्या घामात होता आणि माझ्या खिशातल्या कागदावर मी तो माझ्या हाताने खोडत होतो. दादा सातवी शिकलेला, तो बोलला. मी शिकलेला, मी फेट्यावर भाषण दिले. घरी येऊन मी तो कागद चुलीत घातला. आज सात-बारावर आईचे, आम्हा दोघांचे आणि आक्काचे नाव आहे, आणि विहिरीखालच्या तुकड्यात तिची डाळिंबे आहेत.

म्हणून सांगतो, कावळ्याला तलाठी करू नका. घरात कुणी गेले की तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांना, वारसाची खबर द्या. त्यात आईचे नाव घाला, बहिणीचे घाला. बाप २००५ च्या आधी वारला असला तरी वडिलार्जित जमिनीत हयात मुलीचा हक्क बुडत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले आहे. त्याआधीच रीतसर वाटणी झाली असेल तर मात्र वकिलाला विचारा. तेराव्याचे जेवण कर्ज काढून घालू नका. ऋण काढून सण करू नका, हे गाडगेबाबा हातात खराटा घेऊन जन्मभर सांगत राहिले. आणि जी माणसे अजून ओट्यावर बसलेली आहेत, त्यांना खीर आताच वाढा. त्यांना ती शिवते की नाही, हे पाहायला लिंबाकडे बघावे लागत नाही.

मेल्यावर माणूस कुठे जातो, हे माझ्या पदवीच्या अभ्यासक्रमात नव्हते. मागे काय राहते ते मात्र मी रोज पाहतो: बांध, विहीर, लावलेली झाडे, फेडलेले नाहीतर राहिलेले कर्ज, आणि दिलेला शब्द. यांचा पंचनामा कुणालाही करता येतो.

यंदाही वाडीत पान ठेवीन. कावळा आला तर आनंद. नाही आला तर आमच्या गाईला देईन. तिचे शेपूट पुढेमागे लागणारच आहे.